राजधानी म्हणजे काय, हेच लेकीला माहीत नाही

चौथीची आई

नमस्कार. लेक चौथीत आहे. पुढच्या महिन्यात शाळेत सामान्यज्ञानाची परीक्षा आहे आणि त्यासाठी पाचशे प्रश्नोत्तरांचं एक पुस्तक दिलंय. देशांच्या राजधान्या, सर्वांत उंच, सर्वांत लांब, कुणी कशाचा शोध लावला, असं सगळं. लेकीचं पाठांतर चांगलं आहे. पंधरा दिवसांत साठ राजधान्या तोंडपाठ झाल्या. रोज झोपायच्या आधी मी देश म्हणायचा आणि तिने राजधानी. मी खूश, तीही खूश.

परवा सहज विचारलं, "अगं, पण राजधानी म्हणजे काय?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "देशाच्या समोर लिहिलेलं असतं ना, ते गाव."

आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. पृथ्वीचा गोल काढला आणि म्हटलं, कॅनबेरा दाखव. तिने बोट फिरवत फिरवत आफ्रिकेवर ठेवलं. मग ऑस्ट्रेलिया खंड की देश, यावर गाडी अडली. तेही मला नीट सांगता आलं नाही, खोटं कशाला बोलू.

नवऱ्याचं म्हणणं, सोडून दे, सगळं मोबाइलवर मिळतं. माझ्या बाबांचं म्हणणं, आम्हीही असंच घोकलं, काय बिघडलं आमचं? मला दोघांचंही पटत नाही, पण मग करायचं काय, हेही सुचत नाही. परीक्षा तर द्यायचीच आहे. शाळेत शिकवणारं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा, घरी हे कसं घ्यायचं? आणि तुम्ही वर्गात कसं घेता?

दोनच ओळी

तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. जे दोन सेकंदांत शोधता येतं ते डोक्यात का भरायचं? शोधायला शिकवा, संपला विषय.

खडूची भुकटी

ताई, तुमच्या लेकीचं उत्तर मी माझ्या वहीत उतरवून घेतलंय. चूक म्हणू नका त्याला. तिला पुस्तकात जे दिसलं तेच तिनं सांगितलं. डावीकडे देश, मधे आडवी रेघ, उजवीकडे गाव. नीट बघून दिलेलं उत्तर आहे ते.

मी तेवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. जी.के.चा तास कायम शुक्रवारचा शेवटचा. तो कुणालाच नको असायचा, म्हणून नवख्याच्या गळ्यात पडला आणि पुढे माझ्याकडेच राहिला. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखंच केलं. मी देश म्हणायचो, अख्खा वर्ग एका सुरात राजधानी. व्हरांड्यातून जाणाऱ्या मुख्याध्यापकांना ऐकायला फार गोड वाटायचं.

ऑगस्ट 2006 मध्ये त्या सुरात पहिला खडा पडला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो यादीतून बाहेर गेला. जेमतेम महिन्यापूर्वी मी नऊ ग्रह घोकून घेतले होते. सोमवारी वर्गात सांगितलं, "आजपासून आठ." मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी साळसूदपणे म्हणाला, "सर, मग नववा आता कुणाला परत करायचा?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. ग्रह कशाला म्हणायचं हे मी कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्या दिवशी वर्गाला काहीतरी घडल्यासारखं वाटलं असतं. 1930 मध्ये प्लूटो सापडला. पुढे त्याच्याच पट्ट्यात तसलेच आणखी गोळे दिसायला लागले. 2005 मध्ये एरिसचा शोध जाहीर झाला, तो जवळपास प्लूटोएवढाच निघाला. आता दोघांना आत घ्यायचं की दोघांना बाहेर ठेवायचं? हे भांडण मुलांना तंतोतंत कळतं हो! खेळात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हेच तर ती दिवसभर करत असतात.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. ज्या उत्तराच्या मागे भांडण, अडचण किंवा गंमत सांगता येत नाही, ते उत्तर मी वर्गात घेत नाही. मुलांना ते पुस्तकातून पाठ करायचं तर खुशाल करू दे, माझा तास त्यावर खर्च होणार नाही.

तुमच्या कॅनबेराचंच घ्या. 1901 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन एक देश झाला. राजधानी कुठे? सिडनी म्हणे आमच्याकडे, मेलबर्न म्हणे आमच्याकडे. शेवटी राज्यघटनेतच लिहिलं की राजधानी सिडनीच्याच राज्यात असेल, पण सिडनीपासून किमान शंभर मैल लांब, आणि ती बांधून होईपर्यंत संसद मेलबर्नमध्ये भरेल. दोघांनाही थोडं थोडं दिलं आणि कुणालाच पुरतं दिलं नाही. 1908 मध्ये जागा ठरली, 1927 मध्ये संसद तिकडे गेली. दोन भावंडांच्या घरात हे सांगून बघा. मी सांगितलं तेव्हा एका मुलीनं लगेच विचारलं, "पण मग राजधानी असली की मिळतं काय?" बघा, तुमचाच प्रश्न, फक्त आता तो तिला स्वतःला पडला होता. संसद, मंत्रालयं, परदेशी वकिलाती, हे सगळं मग पाच मिनिटांत बसलं.

खंड की देश, याचं उत्तर दोन्ही. आणि खंड किती, यावरही जगभरच्या शाळांचं एकमत नाही. काही ठिकाणी उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून एकच खंड शिकवतात. तुम्हाला सांगता आलं नाही यात लाजण्यासारखं काही नाही.

आता माझा लाडका किस्सा. कझाकस्तानची राजधानी. 1997 मध्ये ती अल्माटीहून हलवून अकमोला नावाच्या शहरात नेली. पुढच्या वर्षी त्या शहराचं नाव ठेवलं अस्ताना. कझाक भाषेत 'अस्ताना' म्हणजेच राजधानी! 2019 मध्ये नाव बदलून नूर-सुलतान झालं आणि 2022 मध्ये परत अस्ताना. आमच्या वर्गाच्या कपाटात तेव्हा दोन पुस्तकं होती. एक जुनं, पाठीला चिकटपट्ट्या लावलेलं, त्यात अस्ताना. दुसरं 2020 चं कोरं करकरीत, त्यात नूर-सुलतान. नवीन पुस्तक आलं तेव्हा मी स्वतः जुन्यात खोडून दुरुस्ती करून ठेवली होती. 2022 मध्ये एका मुलानं ते खोडलेलं पान आणून टेबलावर ठेवलं. "सर, जुनं पुस्तक आपोआप बरोबर झालं." पुस्तक कधी छापलंय हे बघायची सवय त्या वर्गाला त्या दिवशी लागली. मी शंभर वेळा सांगून लागली नव्हती.

वर्गात कसं घ्यायचं, तेही विचारलंत. मी शुक्रवारी फळ्यावर पाच वाक्यं लिहायचो. चार खरी, एक खोटं. सोमवारी खोटं पकडून आणायचं, पुराव्यासकट. "सर्वांत मोठं वाळवंट सहारा" हे एकदा घातलं होतं. वाळवंट वाळूवरून नाही, पाऊस-बर्फ किती कमी पडतो त्यावरून ठरतं, तेव्हा पहिला नंबर अंटार्क्टिकाचा. "पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जूनमध्ये असते" हेही घातलं होतं. जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला. मग ऋतू कशामुळे, यावर पुढचे दोन तास गेले.

एकदा माझीच फजिती झाली. "माणसाच्या शरीरात 206 हाडं असतात" हे मी खऱ्यांमध्ये घातलं होतं. एक मुलगा सोमवारी म्हणाला, "हेही खोटं आहे. माझी बहीण पंधरा दिवसांची आहे, तिच्यात खूप जास्त आहेत." बरोबर होतं त्याचं. बाळाची हाडं संख्येनं जास्त असतात, वाढताना काही एकमेकांना जुळतात आणि मोठेपणी 206 उरतात. फळ्यावर "प्रौढ" हा शब्द त्यानं येऊन लिहिला. खडू परत देताना काय ऐट होती!

या पद्धतीत एक धोकाही आहे. एका मुलीनं खोटं वाक्य सुरेख अक्षरात वहीत उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेत हजर, सर चुकीचं शिकवतात म्हणून. तेव्हापासून पाचही वाक्यांवर मी मोठ्या अक्षरात "संशयित" लिहायला लागलो.

घरासाठी एवढंच सांगतो. उत्तर द्यायच्या आधी अंदाज करायला लावा. अंदाज चुकला की खरं उत्तर जास्त घट्ट बसतं, हे मी वर्षानुवर्षं बघितलंय. एक चेंडू घ्या, फुटबॉलएवढा. ही पृथ्वी. टेनिसच्या चेंडूपेक्षा किंचित लहान काहीतरी घ्या, तो चंद्र. आता लेकीला म्हणा, चंद्र योग्य अंतरावर ठेव. बघा कुठे ठेवते. मग मोजा. पृथ्वीसारखे तीस गोळे ओळीनं मांडले की चंद्र येतो, म्हणजे या फुटबॉलपासून साधारण साडेसहा मीटर. 3,84,400 किलोमीटर हा आकडा त्यानंतर सांगा. आधी नको.

आणि देश-राजधानी रोज तुम्हीच का विचारता? तिला विचारू दे, तुम्ही चुका. खोटं खोटं चुकायची गरज पडणार नाही.

पानोपानी

@दोनच ओळी, "शोधायला शिकवा" हे ऐकायला बरं वाटतं. मी मुलांच्या ग्रंथालयात काम करते, शोधणारी मुलं रोज बघते. ज्याला थोडं माहीत असतं त्यालाच नीट शोधता येतं. ज्याला काहीच माहीत नसतं तो पहिलं जे समोर येईल ते उतरवून घेतो आणि निघतो. समोर आलेलं विचित्र आहे हे कळायलासुद्धा डोक्यात काहीतरी असावं लागतं ना!

वाचनाचंही तेच. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी अमेरिकेत सातवी-आठवीची 64 मुलं घेतली होती. त्यांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं आणि वाचलेलं मैदानाच्या प्रतिकृतीवर मांडून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. आमच्याकडेही हेच दिसतं. अंतराळवेडा मुलगा त्याच्या वयाला न झेपणारं पुस्तक घेऊन बसतो आणि सरळ वाचत जातो. तोच मुलगा एखाद्या राजाची साधी गोष्ट वाचताना तिसऱ्या ओळीला अडतो, कारण सरदार कोण, जहागीर म्हणजे काय, हे त्याने कधी ऐकलेलंच नसतं.

ताई, पुस्तकातले पाचशे प्रश्न सोडा, घरात नकाशा मात्र भिंतीवर लावा. मुलीच्या उंचीला, तुमच्या नको.

तिसऱ्या बाकावरून

सर, लिहिलंय झकास, पण पाठांतराला जरा जास्तच झोडपलंत. मी लहानपणी याद्या घोकणारा मुलगा होतो. अर्थ बिर्थ काही कळत नव्हता. दक्षिण आफ्रिका म्हटलं की मी एका श्वासात तीन नावं घ्यायचो, प्रिटोरिया, केप टाऊन, ब्लोमफाँटेन, कारण मला तो ठेका आवडायचा. एका स्पर्धेत नेमका हाच प्रश्न आला. परीक्षक म्हणाले, एकच सांग. मी म्हटलं, प्रिटोरिया. त्यांच्या कागदावर केप टाऊन होतं. शून्य! मी स्टेजच्या मागे जाऊन रडलो. कित्येक वर्षांनी कळलं की सरकार प्रिटोरियात, संसद केप टाऊनला आणि वरचं न्यायालय ब्लोमफाँटेनला अशी वाटणी आहे. पण हे वाचताना माझे डोळे तिथे थबकले कशामुळे? नावं आधीच डोक्यात होती म्हणून. खुंटी असली तर सदरा टांगता येतो.

म्हणून ताई, साठ राजधान्या पाठ झाल्यात ना, राहू देत. वाया काही गेलेलं नाही. आता त्यातल्या दहा-बारा गमतीच्या निवडा आणि त्यांच्या मागची गोष्ट सांगा. ब्राझीलची रिओहून उचलून 1960 मध्ये आत पठारावर नव्याने वसवलेली ब्राझिलिया. नेदरलँड्सची राजधानी अॅमस्टरडॅम, पण सरकार बसतं हेगला. बोलिव्हियाची घटनेनुसार सुक्रे, कारभार ला पाझमधून.

उरलेल्यांसाठी माझी पद्धत सांगतो. चिठ्ठ्या करा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. रोज नव्या पाचच. आल्या त्या तीन दिवसांनी विचारायच्या, मग आठवड्याने. चुकल्या त्या उद्या परत. रोज साठच्या साठ म्हणून घेऊ नका, येत असलेलंच पुन्हा पुन्हा म्हणण्यात सगळा वेळ जातो आणि मुलाला उगाच वाटतं की आपण फार अभ्यास केला. परीक्षेला महिना आहे, आरामात होईल.

दोनच ओळी

बेसबॉलचं पटलं. पाचशे प्रश्नांचं अजूनही नाही.

चौथीची आई

सगळ्यांचे आभार. आठवड्याने लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

चेंडूचा खेळ केला. लेकीने चंद्र हातभर अंतरावर ठेवला. नवरा म्हणाला, छे, अजून थोडं, आणि त्याने तो टेबलाखाली नेला. मोजून साडेसहा मीटर काढले तर चंद्र खोलीत मावेना, दाराबाहेर गेला. दोघंही गप्प. मग नवऱ्यालाच चेव आला, सूर्य कुठे येईल हे तो कागदावर मांडत बसला. उत्तर आलं अडीच किलोमीटरच्या थोडं पुढे, आणि सूर्य चोवीस मीटर रुंद! मोबाइल त्याने वापरला, पण गुणाकार करायला. लेक बराच वेळ खिडकीतून लांब कुठेतरी बघत होती.

नकाशा तिच्या उंचीला लावलाय. त्यावरून नवीनच भानगड निघाली. भिंतीवर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं आणि गोलावर एवढंसं. ती म्हणाली, दोघांतलं एक खोटं बोलतंय. मला सरांचं "संशयित" आठवलं. पातळ कागद गोलावर ठेवून ग्रीनलंड गिरवायला गेलो तर कागद बसेचना, कडेला चुण्या पडायला लागल्या. मी कागदाला नावं ठेवत होते. मग लक्षात आलं की नकाशा काढणाऱ्याचीही हीच पंचाईत झाली असणार! चुण्या नको म्हणून त्याने कडेचं ओढून ताणून मोठं केलं. शोधून पाहिलं, आफ्रिका ग्रीनलंडच्या जवळपास चौदा पट आहे. हे आम्हाला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं, निदान मला तरी आठवत नाही.

चिठ्ठ्याही चालू आहेत. पण ती मला विचारते, मी सपशेल आपटते. काल माझे वीसपैकी सात आले.

सर, एक अडलंय. पुस्तकात "नाऊरू – यारेन" असं आहे. ती आता प्रत्येक चिठ्ठीतली राजधानी गोलावर शोधते. नाऊरूचा ठिपका सापडला, पण राजधानीची खूण कुठेच नाही. भिंग आणून झालं. गोलावर राहून गेलंय का?

खडूची भुकटी

ताई, गोलाचं काही चुकलेलं नाही, शाबासकी द्या तिला. नाऊरूला अधिकृत राजधानीच नाही. अख्खा देश 21 चौरस किलोमीटरचा, एकच बेट. संसद आणि सरकारी कचेऱ्या यारेन नावाच्या भागात आहेत, म्हणून यादीवाले ते नाव टाकून मोकळे होतात. रेघेच्या उजवीकडे काहीतरी लिहायला हवंच ना.

चौथीची आई

सांगितलं तिला. तिचा प्रश्न जसाच्या तसा देते: "मग पेपरात काय लिहू?"

खडूची भुकटी

यारेन लिही म्हणावं. आणि शेजारी कंसात खरं काय ते लिहिलं, तर मार्क कापतात का, ते मला नक्की कळवा.